मायक्रोस्कोपीचा मोठा डेटा ओपन सोर्स टूल्सवर प्रोसेस करायला शिकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान बायोलॉजीवाल्यांसाठी आहे. ज्यांनी कधी कोडिंग केलेलं नाही, पण कन्फोकल, लाइटशीट नाहीतर स्लाइड स्कॅनरवरून हार्ड डिस्क भरून इमेजेस आणल्यात आणि आता घोडं अडलंय. मी इमेजिंगच्याच कामात आहे, दरवर्षी नवीन मुलं-मुली येतात आणि तेच प्रश्न विचारतात, आणि ते प्रश्न बरोबरच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवते. सगळ्या उत्तरांमागे माझं म्हणणं एकच आहे: आधी एका छोट्या तुकड्यावर नीट काम करा, त्यातले आकडे समजून घ्या, आणि मगच तेच काम सगळ्या डेटावर चालवा.

माझा डेटा खरंच मोठा आहे का, की मलाच तसं वाटतंय?

हिशोब करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. आजकालच्या सायंटिफिक कॅमेऱ्याची एक फ्रेम साधारण २०४८ बाय २०४८ पिक्सेलची असते, १६ बिट म्हणजे एका पिक्सेलला २ बाइट, म्हणजे एक फ्रेम झाली ८ एमबी. ऐकायला काहीच नाही. पण ५०० प्लेनचा झेड-स्टॅक, म्हणजे फोकस थोडाथोडा सरकवत घेतलेल्या ५०० फ्रेम्सचा गठ्ठा, घेतला की ४ जीबी, दोन चॅनल घेतले की ८ जीबी, आणि असे २०० टाइमपॉइंट रात्रभर घेतले की १.६ टीबी! स्लाइडचंही तेच. ०.२५ मायक्रॉनला एक पिक्सेल असं १५ मिलिमीटर बाय १५ मिलिमीटर टिश्यू स्कॅन केलं तर ६०,००० बाय ६०,००० म्हणजे ३६० कोटी पिक्सेल होतात, आणि रंगीत असल्यामुळे कॉम्प्रेस न करता जवळपास ११ जीबी.

माझी व्याख्या सोपी आहे. फाइल तुमच्या रॅमच्या एक तृतीयांशपेक्षा मोठी असली की तो मोठा डेटा समजायचा. एक तृतीयांश का, तर कुठलाही फिल्टर लावला की मेमरीत इमेजची दुसरी कॉपी तयार होते, आणि बरेचसे फिल्टर आतमध्ये ३२ बिटवर काम करतात, म्हणजे ४ जीबीचा स्टॅक तिथे ८ जीबीचा होतो. मग १६ जीबीचा लॅपटॉप का गुदमरतो ते लक्षात येईल.

ताई, टूल्स खूप आहेत, सुरुवात नक्की कशाने करू?

फिजीने. यात मला अजिबात शंका नाही. इमेजजे हा प्रोग्रॅम अमेरिकेतल्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत वेन रासबँड यांनी १९९७ मध्ये आणला, आणि फिजी म्हणजे तोच इमेजजे, फक्त बायोलॉजीवाल्यांना लागणारे प्लगइन्स, म्हणजे जोडीचे छोटे प्रोग्रॅम, आधीच भरून दिलेला. डाउनलोड करा, अनझिप करा, चालू करा. लायसन्सचे पैसे नाहीत, आणि कुठल्याही लॅबमध्ये गेलात तरी तो वापरणारं कोणीतरी भेटतंच.

त्यापुढे काय शिकायचं ते तुमच्या प्रश्नावर आहे, फॅशनवर नाही. हिस्टोपॅथॉलॉजीच्या मोठ्या स्लाइड्स असतील तर क्यूपाथ, ते बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीत पीट बँकहेड यांनी सुरू केलं आणि अख्खी स्लाइड मेमरीत न घेता आरामात उघडतं. ९६ किंवा ३८४ वेलच्या प्लेट्स असतील आणि प्रत्येक वेलमधून तीच ती मापं काढायची असतील तर सेलप्रोफायलर. इमेज गढूळ आहे, साधा थ्रेशोल्ड (एका ठरावीक आकड्याच्या वरचे पिक्सेल म्हणजे सेल, असा नियम) चालतच नाही, पण डोळ्यांना फरक दिसतो, तर इलास्टिक बघा, त्यात तुम्ही ब्रशने चार ठिकाणी खुणा करता, हे सेल, हे बॅकग्राउंड, आणि ते बाकीचं शिकून घेतं. आणि पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेकडे जायचं ठरलं की नापारी, त्यात थ्रीडी डेटा बघता पण येतो आणि त्यावर कोडही चालवता येतो.

सगळी एकदम इन्स्टॉल करू नका. एक धरा, त्यात एक प्रश्न तडीस न्या.

कोडिंग आलंच पाहिजे का?

पहिल्या दिवशी नाही, पण शेवटी थोडं तरी लागतंच. ४० इमेजेस हाताने क्लिक करून होतील, ४,००० होणार नाहीत, आणि झाल्या तरी तिसऱ्या दिवशी तुम्ही काय सेटिंग ठेवलं होतं ते पहिल्या दिवसाशी जुळणार नाही. हे वेळेपेक्षा महत्त्वाचं आहे.

फिजीमध्ये प्लगइन्सच्या मेन्यूत मॅक्रोज आणि त्यात रेकॉर्ड असं आहे. ते चालू ठेवा आणि नेहमीसारखं क्लिक करत जा, तुम्ही जे जे कराल त्याची ओळ तिथे आपोआप लिहिली जाते, अशा ओळींच्या यादीलाच मॅक्रो म्हणतात. त्या ओळी वाचा, एखादा आकडा बदलून परत चालवा, आणि तुम्हाला कळायच्या आत तुम्ही कोडिंग करताय. क्यूपाथमध्येही वर्कफ्लो टॅबमधून केलेल्या कामाची स्क्रिप्ट बनवता येते. पायथन त्यानंतर, आणि तेही अख्खी भाषा शिकायची गरज नाही: ॲरे म्हणजे काय, लूप कसा चालवायचा, फोल्डरमधल्या फाइल्स एकेक करून कशा उघडायच्या, एवढ्यावर पहिले काही महिने निघतात.

फाइल उघडली की "आउट ऑफ मेमरी" येतं. काय करू?

आधी एडिटमध्ये ऑप्शन्स, त्यात मेमरी अँड थ्रेड्स इथे जाऊन फिजीला किती रॅम दिलीय ते बघा. कमी असेल तर वाढवा आणि फिजी बंद करून परत चालू करा, नाहीतर बदल लागू होत नाही.

पण खरा उपाय वेगळा आहे, सगळी फाइल उघडायचीच नाही. बायो-फॉरमॅट्स नावाचा इम्पोर्टर फिजीबरोबरच येतो, झाइस, निकॉन, लायका, ऑलिंपस अशा कंपन्यांचे मिळून दीडशेच्या वर फॉरमॅट तो वाचतो. फाइल उघडताना तो एक खिडकी दाखवतो आणि लोक न वाचताच ओके दाबतात. तिथे थांबा! त्यात व्हर्च्युअल स्टॅक असा एक चौकोन आहे, तो टिक केला की जो प्लेन समोर आहे तेवढाच डिस्कवरून वाचला जातो. त्याच खिडकीत क्रॉप ऑन इम्पोर्ट आहे, म्हणजे फक्त कोपऱ्यातला ५०० बाय ५०० चा तुकडा घ्या, आणि रेंज देऊन फक्त पहिले १० टाइमपॉइंट घ्या, हेही होतं. शिकताना हाच तुकडा तुमचा कामाचा डेटा.

व्हर्च्युअल स्टॅकमध्ये एक गोष्ट सांभाळा. एका प्लेनवर फिल्टर लावला आणि पुढच्या प्लेनवर जाऊन परत आलात तर केलेला बदल गेलेला असतो, कारण मूळ फाइल परत डिस्कवरून वाचली जाते. तो बघण्यासाठी आहे, बदल साठवण्यासाठी नाही.

कंपनीच्या फॉरमॅटमधून सगळं टिफ किंवा जेपेगमध्ये काढून ठेवू का?

जेपेग मोजमापासाठी कधीच नाही. ते फोटो लहान करण्यासाठी पिक्सेलचे आकडे बदलतं आणि १६ बिटचं ८ बिट करतं. पोस्टरवर लावा, पण त्यावरून इंटेन्सिटी मोजू नका. टिफ चालतं, पण साध्या टिफमध्ये पत्ते ३२ बिटचे असल्यामुळे फाइल ४ जीबीच्या पुढे जाऊ शकत नाही, त्याच्या पुढे बिगटिफ लागतं. आणि एक्सपोर्ट करताना मेटाडेटा गळतो: पिक्सेल किती मायक्रॉनचा, झेड-स्टेप म्हणजे दोन प्लेनमधलं अंतर किती, कुठली लेन्स, किती एक्सपोजर. हे गेलं की इमेज नुसतं चित्र उरतं. म्हणून मूळ फाइल जशी आहे तशीच ठेवायची, रीड-ओन्ली करून, आणि त्यावर कोणी काही सेव्ह करायचं नाही. हा नियम माझ्याकडे सगळ्यांना लागू आहे, सीनियरनाही.

ओएमई-झार म्हणजे काय? सगळे त्याच्याबद्दल बोलतायत.

मोठ्या इमेजसाठीचा खुला फॉरमॅट आहे तो, आणि आता शिकायला सुरुवात करत असाल तर हा समजून घेणं फायद्याचं. दोन कल्पना आहेत. पहिली, इमेज एका सलग फाइलमध्ये न ठेवता छोट्या छोट्या चौकोनी तुकड्यांत ठेवायची, त्यांना चंक म्हणतात, आणि प्रत्येक चंक वेगळा कॉम्प्रेस करायचा, त्यामुळे मधला एक भाग हवा असेल तर तेवढेच चंक वाचायचे. दुसरी, त्याच इमेजच्या लहान लहान कॉपीज सोबत ठेवायच्या, अर्ध्या मापाची, पाव मापाची, त्याच्या अर्ध्याची, ज्याला पिरॅमिड म्हणतात. गूगल मॅप्सवर आधी अख्खा महाराष्ट्र दिसतो आणि झूम करत गेलं की तुमची गल्ली येते, तसंच. टेराबाइटचा डेटा साध्या लॅपटॉपवर फिरवता येतो तो यामुळे. फिजीमधलं बिगडेटाव्ह्यूअर याच तत्त्वावर चालतं, टोबियास पिएट्श यांनी केलंय, आणि पहिल्यांदा चालवून बघाल तेव्हा थक्क व्हाल, एवढा मोठा स्टॅक आणि माउसने हवा तसा तिरका कापून बघता येतो!

चंकचं माप मात्र विचार करून ठेवा. फार छोटे चंक केले तर लाखो बारक्या फाइल्स तयार होतात आणि कॉपी करताना जीव जातो, फार मोठे केले तर थोड्याशासाठी उगाच खूप वाचावं लागतं. आणि तुम्ही डेटा कसा वाचणार त्यावरही आहे, प्लेन-प्लेनने बघणार असाल तर चपटे चंक, थ्रीडीमध्ये सगळीकडून फिरणार असाल तर घनासारखे.

१६ बिटचं ८ बिट केलं तर काय बिघडतं? जागा तर अर्धी होते.

हा प्रश्न मी मुद्दाम लांब घेते, कारण यात चुकलेला डेटा बाहेरून अगदी व्यवस्थित दिसतो आणि रिझल्ट मात्र खोटा येतो.

फिजीमध्ये दोन गोष्टी वेगळ्या आहेत, पिक्सेलमधला आकडा आणि स्क्रीनवर दिसणारा उजेड. ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टच्या खिडकीत ऑटो दाबलं की १६ बिट इमेजमध्ये फक्त दिसणं बदलतं, आकडे तसेच राहतात. इथपर्यंत ठीक. आता समजा कंट्रोलच्या इमेजमध्ये आकडे २०० ते १,००० आहेत आणि ट्रीटमेंटच्या इमेजमध्ये २०० ते ४,०००. दोन्हीवर ऑटो दाबलं, दोन्ही छान उजळ दिसल्या, आणि मग टाइप बदलून ८ बिट केलं. फिजी काय करतं, तर त्या वेळी स्क्रीनवर जी रेंज लावलीय तिलाच ० ते २५५ मध्ये ताणतं. म्हणजे कंट्रोलमधला १,००० झाला २५५ च्या आसपास, आणि ट्रीटमेंटमधला ४,००० पण झाला २५५ च्या आसपास. चौपट फरक होता, तो एका क्लिकने पुसला गेला, आणि फाइलकडे बघून कोणालाच कळणार नाही.

म्हणून इंटेन्सिटी मोजायची असेल तर ८ बिट करूच नका. करायचंच असेल, म्हणजे नुसतं सेगमेंटेशनसाठी (सेलची कड शोधून तो वेगळा काढण्यासाठी), तर सगळ्या इमेजेसना मॅक्रोमधून एकच रेंज लावा आणि इंटेन्सिटी मूळ १६ बिट फाइलवरूनच मोजा.

पायथनमध्ये याच चुकीची बहीण भेटते. ८ बिटच्या ॲरेत २५० मध्ये १० मिळवले तर २६० येत नाही, ४ येतात, कारण २५५ नंतर आकडा परत शून्यावरून सुरू होतो आणि एररही दिसत नाही. गणित करायच्या आधी फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश आकड्यांत, बदलून घ्यायचं.

सवय म्हणून एक करा. कुठलीही इमेज उघडली की कर्सर फिरवून खाली येणारा आकडा वाचा आणि हिस्टोग्राम, म्हणजे कुठल्या आकड्याचे किती पिक्सेल आहेत त्याचा आलेख, बघा. उजव्या टोकाला उंच काठी उभी असेल तर पिक्सेल सॅच्युरेट झालेत, म्हणजे कॅमेऱ्याच्या कमाल आकड्याला जाऊन अडकलेत, १२ बिट कॅमेऱ्यात ४,०९५ वर, आणि ती माहिती कुठल्याच सॉफ्टवेअरने परत येत नाही, परत इमेजिंगच करावं लागतं.

सेल मोजायला थ्रेशोल्ड पुरतो की डीप लर्निंग लागतं?

सेल एकमेकांपासून लांब असतील, बॅकग्राउंड सपाट असेल, तर ओत्सूचा थ्रेशोल्ड पुरतो. नोबुयुकी ओत्सू यांनी १९७९ मध्ये मांडलेली पद्धत आहे, हिस्टोग्राम बघून पुढचं आणि मागचं वेगळं करणारा आकडा ती स्वतः शोधते. आजही चालते, काही सेकंदांत होते, आणि का चालली किंवा का नाही चालली ते समजावून सांगता येतं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. न्यूक्लियस एकमेकांना चिकटले असतील तर त्यावर वॉटरशेड, ते चिकटलेल्यांमध्ये रेघ मारून वेगळे करतं.

गर्दी झाली, चिकटून बसलेत, आकार वेडेवाकडे आहेत, की मग स्टारडिस्ट किंवा सेलपोझ, ही डीप लर्निंगवर चालणारी टूल्स. स्टारडिस्ट गोलसर गोष्टींसाठी उत्तम, ते मध्यबिंदूपासून सगळीकडे किरण सोडून कडा शोधतं, त्यामुळे न्यूक्लियस सुंदर येतात पण न्यूरॉनच्या फांद्या येणार नाहीत. सेलपोझ अमेरिकेतल्या जनेलिया संस्थेत कार्सन स्ट्रिंगर आणि मारियस पाचितारियू यांनी बनवलं, ते जास्त प्रकारच्या सेल्सवर चालतं. तयार मॉडेल थोडं कमी पडलं तर स्वतःच्या काही इमेजेस हाताने दुरुस्त करून तेच मॉडेल पुढे ट्रेन करता येतं.

पण डोळे झाकून विश्वास ठेवू नका. काही इमेजेस स्वतः हाताने मार्क करून बाजूला ठेवा, कंट्रोल आणि ट्रीटमेंट दोन्हीतल्या, आणि मॉडेल त्यावर किती चुकतं ते बघा. मॉडेल फक्त ट्रीटमेंटवरच जास्त चुकत असेल तर तुमचा रिझल्ट म्हणजे मॉडेलची चूक असू शकते.

आणि थ्रेशोल्डकडे वळायच्या आधी एक बघा, इमेजचे कोपरे मधल्या भागापेक्षा काळपट आहेत का. बऱ्याच मायक्रोस्कोपवर असतात. फ्लॅटफिल्ड करेक्शन, म्हणजे हा कमी-जास्त उजेड सगळीकडे सारखा करणं, केलं की निम्मे प्रॉब्लेम तिथेच सुटतात.

तुकड्या-तुकड्याने प्रोसेस केलं तर तुकड्याच्या कडेवरचा सेल कापला जाईल ना?

जाईल, आणि दोनदा मोजलाही जाईल. म्हणून तुकडे एकमेकांवर थोडे चढवून घ्यायचे, कमीत कमी सगळ्यात मोठ्या सेलच्या मापाएवढे. पायथनमध्ये डास्क नावाची लायब्ररी हे करून देते, तुम्ही एका तुकड्यासाठी फंक्शन लिहायचं आणि ओव्हरलॅप किती ते सांगायचं, बाकी वाटणी ती बघते. मात्र नंबरिंग स्वतः सांभाळावं लागतं, कारण प्रत्येक तुकड्यात सेल नंबर १ पासून सुरू होतो, नुसतं जोडलं तर एकाच नंबरचे शंभर सेल होतील. आधी दोन शेजारच्या तुकड्यांवर करून बघा आणि सांध्यावरचे सेल डोळ्यांनी तपासा.

थ्रीडीमध्ये माझे गोल न्यूक्लियस चपटे का दिसतात?

कारण तुमचा पिक्सेल आडवा-उभा ०.२ मायक्रॉनचा आहे आणि झेड-स्टेप १ मायक्रॉनची, म्हणजे पाचपट, आणि सॉफ्टवेअरला ते कोणी सांगितलेलं नाही. फिजीमध्ये इमेजच्या प्रॉपर्टीजमध्ये, नापारीत लेयरच्या स्केलमध्ये हे आकडे भरा. नापारीत क्रम झेड, वाय, एक्स असा असतो, उलटा भरला तर भलतंच दिसेल.

माझ्या लॅपटॉपमध्ये ८ जीबी रॅम आहे, जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) नाही. शिकता येईल का?

शिकायला अगदी आरामात. छोट्या तुकड्यावर सगळं होतं. डीप लर्निंग करून बघायचं असेल तर गूगल कोलॅबवर फुकट जीपीयू मिळतो, मधेच सेशन तुटतं, आणि ड्राइव्हची फुकट जागा १५ जीबीच, पण सरावाला भरपूर झालं. झीरोकॉस्टडीएलफॉरमायक नावाच्या तयार नोटबुक्स याच कामासाठी बनवल्यात, त्यात कोड न लिहिता मॉडेल ट्रेन करता येतं.

पूर्ण डेटा चालवायचा तेव्हा संस्थेचा क्लस्टर, म्हणजे एकत्र जोडलेल्या अनेक कॉम्प्युटरांचा संच, आहे का विचारा. पुण्यात आयसरला परम ब्रह्म आहे, सीडॅकने नॅशनल सुपरकॉम्प्युटिंग मिशनखाली उभारलेला, तसे देशात इतरही संस्थांमध्ये आहेत. तिथे खिडक्या आणि बटणं नसतात, जॉब लिहून रांगेत लावायचा असतो, म्हणूनच वर म्हटलं की मॅक्रो आणि स्क्रिप्टची सवय लावा. स्वतःच्या पैशांनी काही घ्यायचं असेल तर माझ्या मते आधी रॅम, मग एसएसडी, जीपीयू त्यानंतर.

स्वतःचा डेटा अजून नाहीये, सराव कशावर करू?

फिजीमध्येच फाइल, ओपन सॅम्पल्स. ब्लॉब्स नावाची २५६ बाय २५४ ची छोटीशी इमेज आहे, तिथून सुरुवात करा. तिला उलटा एलयूटी (कुठला आकडा कुठल्या रंगात दाखवायचा त्याचा तक्ता) लावलाय, म्हणजे मोठा आकडा काळा दिसतो, त्यामुळे आकडा आणि दिसणं वेगळं असतं हे पहिल्याच दिवशी कळतं. पुढे ब्रॉड इन्स्टिट्यूटचं बेंचमार्क कलेक्शन बघा, त्यातल्या ०३९ नंबरच्या सेटमध्ये न्यूक्लियसच्या २०० इमेजेस आणि हाताने केलेलं मार्किंग दोन्ही आहे, म्हणजे तुमचं उत्तर तपासता येतं. खरोखर मोठा डेटा हवा तर इमेज डेटा रिसोर्स आणि बायोइमेज आर्काइव्ह, दोन्ही खुले आहेत.

१२,००० सेल मोजले, पी-व्हॅल्यू जबरदस्त आली. आता झालं ना?

३ उंदीर आणि प्रत्येकातून ४,००० सेल, तर तुमचा एन, म्हणजे स्वतंत्र नमुन्यांची संख्या, ३ आहे, १२,००० नाही. एकाच उंदरातले सेल एकमेकांसारखेच असणार. आधी प्रत्येक उंदराची सरासरी काढा आणि मग तुलना करा. मोठ्या डेटात हे जास्त जपावं लागतं कारण सेल इतके असतात की कुठलाही बारीकसारीक फरक सिग्निफिकंट निघतो.

डेटा कॉपी करायला इतका वेळ का लागतो, आणि पेन ड्राइव्हवर मोठी फाइल जातच नाही?

साधी यूएसबी हार्ड डिस्क सेकंदाला १२० एमबीच्या आसपास लिहिते, म्हणजे १.६ टीबीला साडेतीन-चार तास. इमेजिंगचा स्लॉट बुक करतानाच हा वेळ धरा. पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल तो घेतच नाही, एक्सफॅट करून घ्या. कॉपी झाल्यावर चेकसम (फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला तपासणीचा आकडा) जुळवा, दोन वेगळ्या जागी कॉपी असल्याशिवाय मायक्रोस्कोपच्या कॉम्प्युटरवरून काही डिलीट करू नका.

काल चालणारं पायथन आज चालत नाही.

नवीन काहीतरी इन्स्टॉल केलंत आणि त्याने जुन्या लायब्ररीचं व्हर्जन बदललं. प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं कोंडा एन्व्हायर्नमेंट, म्हणजे पायथन आणि त्याच्या लायब्ररींचा स्वतंत्र कप्पा, करा, सेलपोझसाठी वेगळं, नापारीसाठी वेगळं, आणि व्हर्जनची यादी फाइलमध्ये सेव्ह करून ठेवा. पेपरच्या मेथड्समध्ये ती लागतेच.

अडलं तर कोणाला विचारू? माझं इंग्रजी कच्चं आहे.

इमेज डॉट एससी नावाचा फोरम आहे, फिजी, क्यूपाथ, सेलप्रोफायलर, नापारी अशी टूल्स बनवणारे लोक स्वतः तिथे उत्तरं देतात, आणि इंग्रजी कसं आहे याची तिथे कोणी पर्वा करत नाही. जगभरातले लोक मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारतात. प्रश्नात काय आहे ते बघतात. म्हणून चार गोष्टी द्या: मूळ इमेजचा छोटा तुकडा, स्क्रीनशॉट नाही, सॉफ्टवेअरचं व्हर्जन, एरर आला असेल तर तो पूर्ण कॉपी करून, आणि तुम्हाला शेवटी काय मोजायचंय ते एका वाक्यात. हे शेवटचं बरेच जण लिहीत नाहीत, "थ्रेशोल्ड कसा लावू" एवढंच विचारतात, आणि मग उत्तर देणाऱ्यालाच दोनदा विचारावं लागतं की बाबा तुला नक्की काय हवंय. पेशंटच्या स्लाइड्स असतील तर तुकडा टाकायच्या आधी लेबलवरचं नाव, नंबर आणि फाइलच्या नावातलं सगळं काढून टाका, आणि गाइडला विचारल्याशिवाय टाकू नका.

मराठीत सोपं पडत असेल तर प्रश्न आधी मराठीत लिहून काढा आणि मग भाषांतर करा.